भिंत कायमची, खाच तात्पुरती

६-७ पासून ३०-३२ पर्यंतचा बारा दुतोंडी पान्यांचा संच आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजांत, पंपदुरुस्तीच्या दुकानांत आणि आयटीआयच्या वर्कशॉपांत असतो. विकत घेतला त्या दिवशी तो बाराचा असतो. पुढे कधीतरी अकराचा होतो, मग नऊचा. हरवतो तो ३०-३२ नव्हे. हरवतो १०-११ किंवा १२-१३, कारण हातात सतत तेच असतात आणि सतत हातात असलेली वस्तू कुठेही ठेवली जाते. पाना काही फार महाग नसतो, पण तो सापडेपर्यंत काम अडते, आणि सापडलाच नाही तर पक्कड लावून नटाचे कोपरे झिजवले जातात. हत्याराला ठरलेली जागा असणे म्हणजे टापटिपीची हौस, असे समजणाऱ्यांनी तो झिजलेला नट एकदा पाहावा. कामाचा दर्जा या जागेपासूनच सुरू होतो. म्हणून हत्यारे भिंतीवर कशी लावावीत हा जुना प्रश्न, आणि लेसरने कापलेल्या प्लायवूडमुळे त्याला मिळालेले नवे उत्तर, दोन्ही नीट तपासून पाहण्यासारखी आहेत.

त्या उत्तराचे कौतुक पुष्कळ होते, पण बहुधा दुय्यम गुणासाठी. डोळ्यांत भरते ती सफाई: प्रत्येक पटाशीला तिच्या मापाची खाच, प्रत्येक पक्कडीला तिच्या आकाराची जागा, खाली कोरलेले नाव. लेसर मापाला काटेकोर आहे यात शंका नाही. पण काटेकोर खाच चांगला सुतार हातानेही काढतो, पिढ्यान्‌पिढ्या काढत आला आहे. लेसरने खरा फरक पाडला तो चुकीच्या किमतीत. खाच चुकली, हत्यार बदलले, हाताची सवय वेगळी निघाली, तर तोच तुकडा सुधारून पुन्हा कापणे इतके स्वस्त कधीच नव्हते. या लेखातले सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे. भिंतीवर जे कायम राहणार आहे ते लेसरकडे देऊ नये, आणि जे लेसरने कापले ते कायमचे मानू नये. भिंतीवरची पट्टी जाड, साधी आणि वर्षानुवर्षे टिकणारी असावी. तिच्यावर अडकणारा होल्डर पातळ, एकेका हत्यारापुरता आणि नको झाल्यावर जिवाला न लागता टाकून देता येईल असा असावा.

या प्रश्नाची दोन टोके अमेरिकेतल्या दोन प्रसिद्ध नमुन्यांत दिसतात. पहिला नमुना हेन्री स्टडली (१८३८-१९२५) या मॅसॅच्युसेट्समधल्या पियानो-कारागिराच्या हत्यारपेटीचा. भिंतीवर टांगायच्या, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या या पेटीत सुमारे तीनशे हत्यारे बसतात. महोगनी, शिसवी, आबनूस आणि शिंपल्याच्या नक्षीने ती सजलेली आहे. एका थरामागे दुसरा थर उघडतो, आणि प्रत्येक हत्यार आपल्याच घरट्यात घट्ट बसते. लाकूडकामाच्या जगात या पेटीला तीर्थक्षेत्राचा मान आहे, आणि तो योग्यच आहे. पण अशी रचना म्हणजे पूर्णविराम असतो. तीत नवे हत्यार आणायचे तर जुने काढावे लागते, आणि नव्याचा आकार जुन्यासारखाच असावा लागतो. दुसरा नमुना हत्यारांचा नाही, स्वयंपाकघराचा आहे. पाककृतींच्या लेखिका ज्युलिया चाइल्ड यांच्या स्वयंपाकघरात त्यांचे पती पॉल यांनी भोकांच्या बोर्डवर तवे-पातेली टांगली आणि प्रत्येकाभोवती त्याची बाह्यरेषा काढून ठेवली. ते स्वयंपाकघर २००१ साली स्मिथसोनियन संस्थेला दिले गेले आणि आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात पाहता येते. हा भोकांचा बोर्ड म्हणजे लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेला हार्डबोर्ड. त्याला एकेका इंचावर भोके असतात आणि त्यांत तारेचे आकडे अडकवतात. आकडा कुठेही हलवता येतो, हे त्याचे मोठे सुख. पण आकडा कुठल्याही हत्याराचा नसतो. हातोडी उचलली की तोही तिच्याबरोबर निघून येतो, आणि करवतीची मूठ त्याच्यावर लोंबकळत राहते. एकीकडे नेमकी बसणारी पण गोठलेली पेटी, दुसरीकडे लवचीक पण कशालाच नीट न बसणारा बोर्ड. नेमकेपणा आणि बदल या दोहोंतून एक निवडावे लागे, कारण नेमके काही करायचे तर दिवस खर्ची पडत आणि खर्ची पडलेले दिवस कोणी मोडून टाकत नाही.

कारखान्यांनी यात तिसरी गोष्ट आणली. जपानी कारखान्यांतून जगभर गेलेल्या ‘फाइव्ह एस’ पद्धतीतला दुसरा शब्द आहे ‘सेइतोन’, म्हणजे प्रत्येक वस्तू हाताला लगेच लागेल अशा ठरलेल्या जागी ठेवणे. त्यातूनच हत्याराची सावली रंगवलेले बोर्ड रूढ झाले. विमानदुरुस्तीत तर दोन रंगांच्या फोममध्ये हत्यारांचे आकार कापतात. हत्यार उचलले की खालचा भडक रंग दिसतो, आणि पाळी संपताना तो रंग दिसत असेल तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत, कारण इंजिनाजवळ राहिलेला एक पाना माणसांच्या जिवावर बेततो. इथे जागेचे काम दुहेरी आहे. हत्यार धरून ठेवणे हे एक, आणि हत्यार नाही हे ओरडून सांगणे हे दुसरे. घरच्या किंवा शाळेच्या भिंतीवर आपण पहिल्याच कामाकडे लक्ष देतो. दुसरे विसरतो, आणि म्हणून आकड्यांनी भरलेल्या बोर्डवरून १०-११ चा पाना आठ दिवस गायब असला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

आता लेसरकडे येऊ. लाकूड कापणाऱ्या यंत्रांत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड लेसर असतो आणि त्याचा जन्म १९६४ साली अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये कुमार पटेल यांच्या हातून झाला. पटेल बारामतीचे, आणि अभियांत्रिकी शिकले ते पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात. मराठी मुलुखातल्या वर्कशॉपांत या यंत्राची ओळख करून देताना हे आवर्जून सांगायला हवे. या लेसरचा किरण १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा, डोळ्याला न दिसणारा असतो. लाकूड तो अधाशासारखा शोषते आणि त्या रेषेपुरते जळून वाफ होऊन जाते. किरणाने खाल्लेल्या फटीची रुंदी, म्हणजे कर्फ, साधारण ०.१ ते ०.३ मिमी असते. आपल्या शहरांत नेमप्लेट, ॲक्रिलिकची अक्षरे, लग्नपत्रिका आणि एमडीएफच्या रांगोळ्या कापणारी जी दुकाने झाली आहेत त्यांच्याकडे हेच यंत्र असते. ग्रामीण बाजूने पाहिले तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा, सुरू झाली, अमेरिकेच्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. म्हणजे यंत्र परके राहिलेले नाही. आराखडेही तयार मिळतात. ‘बॉक्सेस डॉट पाय’ नावाच्या खुल्या आज्ञावलीत पटाशी, पक्कड, पाने यांच्या भिंतीवरच्या होल्डरची मापे भरली की कापायची रेखाटने मिळतात. प्लायची जाडी आणि किरणाची अर्धी रुंदी हे दोन आकडे तेवढे आपण मोजून द्यायचे असतात. हे दोन आकडे अंदाजाने दिले की सांधे एकतर सैल राहतात नाहीतर हातोडीने ठोकताना फुटतात. मोठे काम देण्यापूर्वी त्याच प्लायच्या तुकड्यावर ५.६, ५.७, ५.८ अशा चढत्या मापांच्या खाचांची एक फणी कापून घ्यावी आणि कुठल्या खाचेत तुकडा अंगठ्याच्या दाबाने बसतो ते पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते टाळल्यामुळे फुकट गेलेल्या शीट फार असतात.

सगळ्यात मोठी गफलत मात्र प्लायवूड निवडताना होते. दुकानात विचारतात, कमर्शियल, बीडब्ल्यूआर की मरीन? भिंतीला ओल येते, पावसाळा चार महिन्यांचा, म्हणून माणूस शहाणपणाने मरीन मागतो आणि लेसरसाठी नेमके तेच सर्वांत वाईट ठरते. आयएस ३०३ या मानकात ओलावा सोसणाऱ्या एमआर प्लायसाठी साधारणतः युरिया फॉर्माल्डिहाइड सरस चालतो. उकळते पाणी सोसणाऱ्या बीडब्ल्यूआर आणि आयएस ७१० खालच्या मरीन प्लायमध्ये फिनॉल फॉर्माल्डिहाइड असतो. हा दुसरा सरस पाण्याला दाद देत नाही, तसाच किरणालाही देत नाही. तो वाफ होण्याऐवजी कोळसा होतो, कोळसा किरण अडवतो, ताकद वाढवावी लागते, कडा अधिकच जळतात आणि तरी खालचा पापुद्रा सुटत नाही. शिक्का पाहून प्लाय निवडण्याची आपली सवय फर्निचरसाठी बरोबर आहे. लेसरसाठी तिच्यामुळे फसगत होते. दुसरी अडचण पोटातली. १९९६ साली गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वनतोडीवर निर्बंध आणल्यानंतर आपला प्लायवूड उद्योग शेतात लावलेल्या झाडांकडे वळला, आणि आज यमुनानगरच्या पट्ट्यातून येणाऱ्या प्लायच्या पोटात पॉप्लर आणि निलगिरी असते. वनांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण स्वस्त प्लायच्या पोटात पापुद्र्यांचे तुकडे जोडलेले असतात, मध्ये फटी असतात, त्यांत लांबी भरलेली असते. करवतीला याचा पत्ताही लागत नाही. लेसर मात्र लांबीपाशी अडतो आणि फटीपाशी भडकतो. शीट खिडकीसमोर धरून, चारही कडा निरखून, कडेला दिसणारी काळी भोके मोजून मगच ती घ्यावी. परदेशी आराखड्यांत ‘बाल्टिक बर्च’ सर्रास गृहीत धरलेला असतो, कारण त्याचे पापुद्रे पातळ, एकसारखे आणि सलग असतात. तो मिळाला तर उत्तमच. पण युरोपीय संघाने २०२२ साली रशियन लाकडाची आयात बंद केल्यापासून खुद्द युरोपातच त्याचा भरवसा राहिलेला नाही. आपल्याकडे ४ किंवा ६ मिमीचे, एमआर दर्जाचे, सलग पोटाचे प्लाय शोधणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. ओलीचा बंदोबस्त प्लायच्या सरसातून न करता भिंतीपासून अंतर ठेवून करायचा. त्याकडे पुढे येतो.

पातळ प्लायच्या ताकदीबद्दल एक गोष्ट अशी आहे की ती हिशेब केल्याशिवाय पटत नाही. तीन सारख्या जाडीच्या पापुद्र्यांचे प्लाय घ्या. बाहेरचे दोन उभ्या धाग्याचे, मधला आडव्या. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. त्यामुळे एकूण २७ वाटे ताठपणा धरला तर मधल्या पापुद्र्याच्या वाट्याला त्यातला १ येतो आणि बाहेरच्या दोघांच्या वाट्याला २६. लाकूड धाग्याच्या आडव्या दिशेला जवळजवळ काहीच सोसत नाही. म्हणजे तोच तुकडा एका दिशेला कापला तर ताठ फळी, आणि काटकोनात फिरवून कापला तर पुठ्ठा. शीट वाचवण्यासाठी संगणक तुकडे फिरवून फिरवून बसवतो तेव्हा तो नेमकी हीच चूक करत असतो. त्यात आपल्या बाजारातल्या पुष्कळ प्लायवर दर्शनी पापुद्रा अगदी कागदासारखा, आणि पोटातला जाड. तिथे सगळे गणित उलटते आणि ताकद मधल्या थराच्या दिशेने जाते. म्हणून दर्शनी धागा पाहून दिशा ठरवू नये. एक बोटभर रुंद पट्टी उभी आणि एक आडवी कापून दोन्ही हातांनी वाकवून पाहावी. कोणती दिशा ताठ, ते हातच सांगतो. होल्डरची जी भुजा भिंतीतून पुढे येते तिची लांबी त्या दिशेत हवी.

दुसरा हिशेब उंचीचा. एक किलोची हातोडी भिंतीपासून ६ सेंटिमीटर पुढे टांगली आहे आणि होल्डरची पाठ १० सेंटिमीटर उंच आहे असे धरा. वरच्या टोकाला भिंतीपासून सुटण्याची ओढ साधारण ०.६ किलोची. पाठ ३ सेंटिमीटरच ठेवली की तीच ओढ २ किलोची होते, म्हणजे हत्याराच्या वजनाच्या दुप्पट. भोकांच्या बोर्डवरचा तारेचा आकडा बाहेर का येतो याचे उत्तर यातच आहे: त्याची पाठ फार बुटकी असते. प्लायवूड स्वस्त आहे, उंच पाठीला दोन इंच जास्त गेल्याने काही बिघडत नाही. कापून आलेले ठेंगणे होल्डर मात्र दिसायला गोंडस आणि वापरायला कुचकामी असतात.

आता भिंतीवरची कायमची पट्टी. जगभरच्या वर्कशॉपांत यासाठी जी रचना टिकली तिला फ्रेंच क्लीट म्हणतात. १८ मिमी प्लायची पट्टी लांबीत ४५ अंशात चिरायची. एक अर्धा भिंतीवर असा ठोकायचा की वरची कड भिंतीकडे उतरेल आणि मागे खोबण तयार होईल. होल्डरच्या पाठीवरचा तसाच उलटा उतार त्या खोबणीत बसतो आणि स्वतःच्याच वजनाने भिंतीला आवळला जातो. उचलला की सुटतो, सरकवला की सरकतो. लेसरच्या दृष्टीने इथे एक मजेशीर मर्यादा आहे. किरण सरळ खाली पडतो, त्यामुळे तिरकी कड त्याला कापताच येत नाही. ही पट्टी टेबल सॉवरच चिरावी लागते. पण होल्डरच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या पाट्या शीटवर आडव्या पडलेल्या असतात, आणि त्यांच्यावर ४५ अंशाचा दात ही फक्त एक रेघ असते. ती लेसर बिनचूक कापतो. ही विभागणी यंत्रानेच करून दिली आहे: जाड आणि कायमचे ते करवतीकडे, पातळ आणि बदलते ते लेसरकडे. अमेरिकन पुस्तकांत पट्टी १६ इंचांवरच्या लाकडी खांबांना ठोकायला सांगतात. आपली भिंत विटांची, आणि तिच्यात पट्टी हवी तिथे लागते. १८ मिमी पट्टी, १५ मिमी गिलावा आणि विटेत निदान ४० मिमी, असा हिशेब धरला की ७५ मिमीचा स्क्रू आणि त्याच्या जोडीची गिट्टी लागते. अडीच इंची स्क्रूवर भागवले की भार गिलाव्यावर येतो, आणि गिलावा खपलीसारखा निघतो. नव्या इमारतींतल्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी धरत नाही. तिच्यासाठी वेगळे प्लग घ्यावेत. पट्टीमागे छोटे तुकडे ठोकून १०-१२ मिमी पोकळी ठेवली तर भिंतीची ओल पट्टीला शिवत नाही आणि मागून वारा खेळतो. स्क्रू मात्र तेवढाच लांब घ्यायचा. पश्चिमेच्या, पावसाचा मार खाणाऱ्या भिंतीवर हे केलेच पाहिजे. मरीन प्लायवर खर्च करायचा असेल तर तो इथे, या पट्टीवर करावा. ती करवतीने चिरायची असल्याने सरसाचा प्रश्नच येत नाही.

होल्डर म्हणजे नेमके काय, हे पटाशीवरून चांगले कळते. पहिल्या झटक्यात सुचते ती पटाशीच्या आकाराची बंद फट: पाते वरून खाली सोडायचे. पण मग पटाशी काढताना पात्याच्या पूर्ण लांबीइतकी वर उचलावी लागते, वर तेवढी मोकळी जागा ठेवावी लागते, आणि दर वेळी पात्याची धार फटीच्या कडेला घासण्याची भीती असते. खाच पुढून उघडी ठेवली की सगळे बदलते. पाते एक इंच रुंद असले तरी ४-५ मिमी जाडच असते. ते काटकोनात वळवून ७-८ मिमीच्या तोंडातून आत सरकवायचे, मग सरळ करून मूठ मागच्या गोल बैठकीत टेकवायची. आता ती पुढे पडू शकत नाही, कारण मूठ आणि सरळ झालेले पाते दोन्ही तोंडापेक्षा रुंद आहेत. आणि काढायला अर्धा इंच उचलून वळवले की पुरे. बैठकीचा व्यास मुठीच्या मानेपेक्षा मिलिमीटरभर जास्त हवा, त्याहून जास्त नको. खाली धारेच्या समोर एक आडवी पाटी हवी, म्हणजे खालून जाणाऱ्याच्या, विशेषतः मुलांच्या, हाताला धार लागणार नाही. हे सगळे बसल्या बसल्या सुचत नाही. पुठ्ठ्याचा नमुना करून, हत्यार पन्नासदा काढून-ठेवून, मगच रेखाटन करावे. रंध्यासाठी वेगळा विचार लागतो: तो तिरक्या फळीवर टेकतो आणि पुढच्या टोकाखाली एक पातळ पट्टी लागते, म्हणजे पाते लाकडाला टेकत नाही. पक्कडीला आडवी पट्टी पुरते, तिचे दोन पाय पट्टीच्या अल्याड-पल्याड. गुण्याचे आणि ओळंब्याचे एकेका खिळ्याने भागते.

इथेच पहिला आक्षेप येतो: खिळ्याने भागत असताना एवढा खटाटोप कशाला? आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. ज्याला भोक आहे आणि जे एकटेच टांगता येते त्याला खिळ्याहून चांगला होल्डर नाही. पण खिळा हत्यार नाही हे सांगत नाही, आणि खिळ्यांनी भरलेल्या भिंतीवर दोन वर्षांनी कोणता खिळा कशाचा हे घरच्यांनाही आठवत नाही. त्यासाठी हत्याराची बाह्यरेषा हवी. ती खोल कोरून भरायला मात्र लेसरला कापण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि दुकाने मिनिटावर पैसे घेतात. कमी ताकदीवर नुसती रेघ मारून घेतली तर ती सेकंदांत होते आणि तितकीच ठळक दिसते. पाने ठेवायच्या पट्टीवर प्रत्येक खाचेखाली आकडा तसाच रेघेने लिहून घ्यावा. १०-११ ची खाच रिकामी आहे हे मग दारातून दिसते.

दुसरा आक्षेप थ्रीडी प्रिंटरवाल्यांचा: प्लास्टिकचा होल्डर कुठल्याही आकाराचा होतो, लाकडाच्या सपाट तुकड्यांनी का अडून बसायचे? नाजूक, वक्र आकारांसाठी त्यांचे बरोबर आहे. पण एक होल्डर छापायला तास लागतात, जिथे लेसर काही मिनिटांत तो कापतो. आणि सर्वाधिक वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते. विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात पत्र्यालगतची हवा किती तापते हे ज्याला ठाऊक आहे त्याने सततच्या भाराखाली पीएलएवर विसंबू नये. एमडीएफचा आक्षेप याहून सबळ आहे: तो स्वस्त, सपाट, पोटात एकसारखा, आणि लेसरने सुरेख कापला जातो. कोरड्या खोलीत तो चालेल. कोकणात किंवा मुंबईत त्याच्या कडा पाणी पितात, फुगतात, आणि फुगलेल्या खाचेत हत्यार अडकते. लोहचुंबकाची पट्टी वर्कशॉपात शोभून दिसते, पण लोखंडाचा कीस तिला आणि धारेला चिकटून बसतो, म्हणून धारदार हत्यारांसाठी तिची शिफारस करता येत नाही.

गंजाचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. भिंतीवरची हत्यारे उघडी असतात. पेटीत ती सुरक्षित राहतात. दमट भागात हे खरे आहे, आणि तिथे मी आग्रहाने सांगेन की होल्डर पट्टीवर लावा, पण पट्टी बिजागरीच्या दरवाजाच्या कपाटात घ्या. स्टडलीच्या पेटीतून घ्यायचा धडा तोच. त्यात लेसरची स्वतःची एक भर आहे. जळालेल्या कडेवरची काजळी हाताला लागते, मुठीला लागते, तिथून पांढऱ्या सागावर बोटे उमटतात. कापून आल्यावर कडा बारीक पॉलिश पेपरने पुसून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे दोन हात दिले की काजळी बांधली जाते आणि कडा दमटपणाही कमी पितात. कापतानाच्या धुराकडे डोळेझाक नको. सरसातल्या फॉर्माल्डिहाइडचा धूर डोळ्यांना झोंबतो, त्यामुळे पंख्याचे तोंड बाहेर हवे, यंत्र चालू ठेवून कोणी चहाला जाऊ नये. आणि पीव्हीसीचा तुकडा त्या यंत्रात कधीच जाता कामा नये, कारण त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड माणसाची फुप्फुसे आणि यंत्राचे आरसे दोन्ही खातो.

शेवटचा आक्षेप सुतारांचा आहे आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. आपला सुतार एका जागी बसून काम करत नाही. वाकस, करवत, पटाशा, गिरमिट घेऊन तो घरोघर जातो. त्याची भिंत म्हणजे त्याची पिशवी. त्याला भिंतीवरच्या खाचा विकू पाहणे हा त्याचा धंदा न समजल्याचा पुरावा आहे. ही पद्धत जिथे हत्यारे एका जागी आणि माणसे अनेक असतात तिथली आहे: शाळेची कार्यशाळा, आयटीआय, गावातले सायकल-मोटारसायकलचे गॅरेज, शेतकरी गटाचे अवजारघर. तिथे हत्यार परत ठेवणारा आणि उद्या उचलणारा वेगवेगळा असतो, आणि दोघांमध्ये भिंतीशिवाय दुसरा निरोप्या नसतो. सुताराला याचा उपयोग झालाच तर होल्डर क्लीटवरून उचलून तसाच टेम्पोच्या आतल्या पट्टीवर अडकवता येतो, एवढाच. तेवढे पुरेसे असेल की नाही हे त्याने ठरवायचे.

आणि म्हणून जपायची गोष्ट कोणती, तर रेखाटनाची फाइल. प्लाय तुटेल, फुगेल, काळे पडेल. फाइलमध्ये मात्र हे लिहिलेले राहते की २५ मिमीच्या पटाशीला ७.५ मिमी तोंड लागले, ८ ला ती डुलत होती. शाळांनी, आयटीआयंनी या फाइली एकमेकांना दिल्या, आपल्या बाजारातल्या हत्यारांच्या खऱ्या मापांसह दिल्या, तर प्रत्येकाला परदेशी पटाशीच्या मापाने चुकत बसावे लागणार नाही. फाइलच्या नावात हत्याराचे माप, प्लायची मोजलेली जाडी आणि तारीख एवढे असले तरी पुढच्याचे काम होते.

आपल्याकडे खंडेनवमीला आणि दसऱ्याला वर्कशॉपातली सगळी हत्यारे भिंतीवरून खाली उतरतात. पुसली जातात, तेल लागते, झेंडूची फुले वाहिली जातात. त्या दिवशी भिंत रिकामी असते. काही खाचांच्या कडा वापरून गुळगुळीत, चकचकीत झालेल्या असतात; काहींवर वर्षापूर्वीचा चपडा अजून जसाच्या तसा असतो. काही ठिकाणी खाचेशेजारी कोणीतरी स्वतःच एक खिळा ठोकलेला सापडतो, कारण हात तिकडे जात होता. ते होल्डर वेगळे काढावेत, खिळ्याची जागा मोजावी, फाइल उघडावी, आणि पूजा झालेली हत्यारे परत चढवण्यापूर्वी नवे तुकडे कापून आणावेत.